टोपण कुणी काढलं होतं?

मित्रांनो, मी एक जुनं, काळं, तळहातावर सहज मावेल एवढं टोपण आहे. गाडीच्या इंजिनात जिथून ऑइल ओततात, त्या तोंडावर मला बसवलेलं असतं. माझ्या डोक्यावर ऑइलच्या बुधलीचं छोटंसं चित्र आहे आणि पोटाशी रबराची एक रिंग आहे. आतलं ऑइल बाहेर येऊ द्यायचं नाही आणि बाहेरची धूळ आत जाऊ द्यायची नाही, एवढंच माझं काम. मी जागेवर असलो की माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

एका कारखान्यात वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतून मला घडवलं. माझ्यासारखी शेकडो टोपणं त्या दिवशी तयार झाली. ती कुठे कुठे गेली ते मला माहीत नाही. मी एका पांढऱ्या व्हॅनवर आलो. या व्हॅनचं इंजिन पुढे नसून पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलल्याशिवाय मी कुणाला दिसत नाही.

पहिली आठ वर्षं मी बारामतीच्या मोहनरावांकडे होतो. ते हायस्कुलातून निवृत्त झालेले मास्तर होते. दर रविवारी सकाळी ते सीट उचलायचे. ऑइल मोजायची पट्टी ओढून फडक्याने पुसायचे, पुन्हा बुडवून बघायचे. मग मला फिरवून काढायचे आणि माझ्या रबरावरून बोट फिरवायचे. परत बसवताना मी घट्ट बसलो की त्यांच्या हाताला कळायचं. "बसलं," असं ते स्वतःशीच म्हणायचे आणि सीट खाली करायचे. मित्रांनो, तेवढ्या एका शब्दावर माझा आठवडा आनंदात जायचा.

पुढे मोहनरावांची नजर अधू झाली. त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि व्हॅन इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या अविराजने घेतली. अविराज लोणी देवकरच्या एका कंपनीत कामाला होता. घरी त्याची बायको रोहिणी आणि आई ठमाबाई. घराला लागून डाळिंबाची बाग होती. सुरुवातीची काही वर्षं आमची व्हॅन डाळिंबाची क्रेट वाहायची आणि लग्नसराईत पाहुण्यांनी भरून जायची. सीट उचलून माझी विचारपूस करायला कुणाला सवड नव्हती. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण माझं रबर तेव्हा अजून मऊ होतं.

मग ठमाबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी त्यांना बारामतीला नेऊन डायलिसिसच्या मशीनवर चार तास बसवायला लागायचं. अविराजची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. दर आठवड्याला तीन रजा कंपनी कुठून देणार? तेव्हा रोहिणी म्हणाली, "मी शिकते गाडी."

अविराज हसला, शेजारीपाजारी हसले. ठमाबाई हसल्या नाहीत.

रोहिणी अंथुर्ण्याला जाऊन गाडी शिकली. पहिल्या दिवशी शेळगावच्या फाट्यावर व्हॅन तीनदा बंद पडली. मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते. शेजारच्या सीटवर ठमाबाई दोन्ही हातांनी दांडी धरून बसल्या होत्या. "सावकाश, पोरी," त्या म्हणाल्या, "मशीन काय पळून जात न्हाय."

दोन महिन्यांत रोहिणीचा हात असा बसला, की ठमाबाई लासुर्ण्यापर्यंत डुलकी काढू लागल्या. डायलिसिस सेंटरमध्ये बाकीच्या पेशंटांना त्या सांगायच्या, "माझी सून आणती मला. पोरगं असतं तर रजा मागत बसलं असतं." परतीच्या वाटेवर त्या हेच रोहिणीला सांगायच्या आणि ती लाजायची. मी सीटखाली, दोघींच्या पायांपाशी, सगळं ऐकत असायचो. आठवड्यातून तीनदा, एका आजारी बाईला वेळेवर पोहोचवण्यात माझाही थोडा हात होता. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ.

पण मी जुना झालो होतो. इंजिनाच्या उष्णतेने माझं रबर कडक झालं. मी कितीही घट्ट बसलो तरी कडेने ऑइल पाझरू लागलं. अंथुर्ण्याला तात्याबांचं गॅरेज आहे. एकदा हवा भरायला रोहिणी तिथे थांबली, तेव्हा तात्याबांनी सीट उचलून मला हातात घेतलं आणि नखाने माझं रबर खरवडून बघितलं.

"वहिनी, ह्याचा पार दगड झालाय," ते म्हणाले. "ही बघा, सगळीकडं ऑइलची घाण. टोपण बदला. माझ्याकडं ह्या गाडीचं न्हाय, पण बारामतीत कुठंबी मिळंल."

रोहिणीने त्याच संध्याकाळी अविराजला सांगितलं. "आणतो," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा आठवण केली. "आणतो म्हणलं न्हवं," तो म्हणाला. अविराज वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. कंपनीतून आला की बागेत पाणी सोडायचा, बागेतून आला की आईचे पाय दाबायचा. माझ्यासारख्या गोष्टीसाठी त्याच्या डोक्यात जागा उरत नव्हती. मी मात्र रोज थोडं थोडं ऑइल गमावत होतो आणि कुणाला हाक मारू शकत नव्हतो.

मग तो सोमवार आला. एप्रिल महिना होता. सोमवार ठमाबाईंना नेहमीच जड जायचा, कारण शुक्रवारनंतर मध्ये दोन दिवस जायचे आणि अंगात पाणी साठायचं. त्या सकाळी त्यांचे पाय सुजले होते आणि चार पावलं टाकली तरी धाप लागत होती.

अविराजची पहिली पाळी होती. पावणेसहाला तो अंगणात आला. आईला आज लवकर न्यायला लागेल, गाडीचं ऑइल तरी बघून ठेवावं, असं त्याच्या मनात आलं असणार. त्याने सीट उचलली, पट्टी ओढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. त्याने मला काढून इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर ठेवलं आणि डब्यात जेवढं होतं तेवढं ऑइल ओतलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कंपनीची बस फाट्यावर आली होती.

"आलो, आलो, थांबवा," असं म्हणत त्याने डबा बाजूला ठेवला, सीट खाली पाडली आणि तो धावत गेला.

मी पत्र्यावर तसाच राहिलो. माझी जागा माझ्यापासून वीतभर अंतरावर उघडी होती. मला हात असते तर मी स्वतः जाऊन बसलो असतो.

आठ वाजता रोहिणीने सासूला धरून आणलं आणि पुढच्या सीटवर, माझ्या डोक्यावर बसवलं. चावी फिरली. इंजिन सुरू झालं आणि पहिल्याच धक्क्याला मी पत्र्यावरून घसरून इंजिनाखालच्या पसरट पत्र्याच्या ट्रेमध्ये पडलो. उघड्या तोंडातून ऑइलचे शिंतोडे उडू लागले. ते माझ्यावर पडत होते, इंजिनावर पडत होते, तापलेल्या पाइपावर पडून जळत होते.

अंथुर्ण्याच्या अलीकडेच रोहिणीला वास आला. तिने गाडीचा वेग कमी केला.

"आत्या, काहीतरी जळल्यासारखं वाटतंय. जरा उतरता का? सीट उचलून बघते."

ठमाबाईंना बोलताना मध्ये थांबायला लागत होतं. "मला उतरवू नगंस. बसल्या जागी... निदान श्वास तरी येतोय. कुणीतरी पाचट पेटवलं असंल. चल तू."

रोहिणीने बाहेर बघितलं. खरंच लांब उसाच्या एका फडात पाचटाचा धूर दिसत होता. सासूच्या निळसर पडलेल्या ओठांकडे बघून तिने गियर टाकला. मित्रांनो, तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं. मी ट्रेमध्ये ऑइलात बुडालो होतो. थांब, एवढं एकच मला सांगायचं होतं. पण मी प्लास्टिकचा तुकडा.

लासुर्णे मागे पडलं आणि ऑइलचा लाल दिवा लागला. रोहिणीने गाडी कडेला घ्यायला आणि इंजिनात खाडकन आवाज व्हायला एकच गाठ पडली. व्हॅन बंद पडली. सीटच्या फटींतून निळा धूर वर आला.

रोहिणी धावत दुसऱ्या बाजूला गेली. तिने सासूला काखेत धरून उतरवलं, एका बाभळीखाली नेऊन बसवलं, आणि परत येऊन सीट उचलली. तिला इंजिनाचं उघडं तोंड दिसलं.

"टोपण कुठाय?" ती म्हणाली. तिने पत्र्यावर बघितलं, बाजूला हात घालून बघितलं. बोटं भाजली. मी तिच्या हाताच्या खाली होतो, पण काळ्या ऑइलात काळा मी, तिला दिसलो नाही.

मग तिने मला सोडलं आणि ती रस्त्यावर गेली. पदर खोचून दोन्ही हात वर करून उभी राहिली. एक गाडी गेली. दुसरी गेली. तिसरी जरा हळू झाली आणि तीही गेली. पाठीमागे ठमाबाईंच्या श्वासाचा आवाज मला इंजिनापर्यंत ऐकू येत होता. शेवटी ढोबळी मिरचीची क्रेट भरलेला एक पिकअप थांबला. तो दादासो नावाच्या शेतकऱ्याचा होता. त्याने एकदा ठमाबाईंकडे बघितलं आणि तो खाली उतरला.

"ताई, पाय मी धरतो, तुमी खांदं धरा," तो म्हणाला.

पिकअप गेला. मी आणि व्हॅन उन्हात रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. त्या पोहोचल्या की नाही, मला काही कळायला मार्ग नव्हता. दुपारभर मी तेच ऐकत होतो, जे आता तिथे नव्हतं, तो श्वास.

पुढचं मला नंतर कळलं. ठमाबाई पोहोचल्या, पण फुप्फुसांत पाणी भरलं होतं. त्यांना दवाखान्यात ठेवून नाकातोंडावर मास्क लावायला लागला. पाच दिवसांनी त्या घरी आल्या, पण पहिल्यासारख्या नाही.

व्हॅन ट्रॅक्टरने ओढून तात्याबांच्या गॅरेजात नेली. दुसऱ्या दिवशी अविराज आला. दोन रात्री दवाखान्यात काढल्यासारखा त्याचा चेहरा होता, जरी एकच झाली होती. तात्याबांनी ट्रेमध्ये हात घातला आणि मला बाहेर काढलं.

"हे बघा. हितंच पडलंय. कुणीतरी ऑइल घातलं आन् टोपण बाजूला ठिवून इसरलं." मग ते म्हणाले, "वहिनींनीच घातलं असंल, न्हाय का?"

मी तात्याबांच्या तळहातावर होतो. अविराज माझ्याकडे बघत होता. मला दिसलं, मित्रांनो. त्याला फोन आठवला, बस आठवली, अंगण आठवलं. त्याचं तोंड उघडलं. मी मनात म्हणालो, बोल.

"असंल," अविराज म्हणाला.

एक शब्द. तात्याबांनी इंजिनकाम केलं, बारामतीहून आणलेलं नवीन टोपण माझ्या जागी बसवलं आणि रीतीप्रमाणे जुना माल म्हणून मला अविराजच्या हातात दिलं. त्याने मला खिशात टाकलं आणि घरी आल्यावर ओसरीच्या खिडकीत ठेवलं.

त्या खिडकीतून मी सगळं घर ऐकलं. भेटायला येणारे पाहुणे ठमाबाईंच्या खाटेपाशी बसायचे आणि चहा घेताना हळू आवाजात बोलायचे. "बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच." "नुसती चालवून काय, गाडीचं कळाया बी पायजे." रोहिणी आत चहा गाळत असायची. तिने कुणाला उलट उत्तर दिलं नाही. गाडीची चावी तिने खुंटीला अडकवली आणि पुन्हा हात लावला नाही. अविराजने पाळी बदलून घेतली आणि सकाळी तोच आईला नेऊ लागला. तो दिवसेंदिवस वाळत चालला. लोकांना वाटलं, धावपळीने.

विसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, ठमाबाईंना जरा बरं वाटत होतं. रोहिणी त्यांच्या पायांना तेल लावत होती. ठमाबाईंनी तिचा हात धरला.

"पोरी, तू आता मनाला लावून घिऊ नगंस. माणूस हाय, इसरतंच. मी काय तुला बोलले का?"

रोहिणी म्हणाली, "आत्या, एक सांगू? मला आठवतच न्हाय. मी सीट उचलली, ऑइल घातलं, टोपण काढलं, ह्यातलं कायबी मला आठवत न्हाय. रोज रातच्याला आठवून बघते. पर सगळी म्हंत्यात तर मीच काढलं असंल. माझं डोकंच ठिकाणावर न्हाय का काय, मला भ्या वाटतं. म्हणून मी चावी घेत न्हाय."

अविराज दारात उभा होता. त्याच्या हातात भाकरीचं ताट होतं. त्याने ते खाली ठेवलं, खिडकीशी आला आणि मला उचललं.

"हे मी काढलं होतं," तो म्हणाला.

"त्या दिवशी सकाळी. ऑइल घालत होतो आन् बस आली म्हणून फोन आला. टोपण पत्र्यावर ठिवलं आन् पळालो."

रोहिणीने पायांवरचा हात काढला नाही. "आज आठवलं व्हय तुम्हांला?"

"न्हाय. गॅरेजात तात्याबांनी दाखवलं तवाच."

"म्हंजे एकोणीस दिवस."

"व्हय."

"एकोणीस दिवस मी स्वतःला येडी समजत हुते," रोहिणी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं अविराजच्या तोंडावर दिसत होतं. ठमाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि मान भिंतीकडे वळवली. मुलाकडे की सुनेकडे, कुणाकडे बघावं हे त्यांना कळेना.

संध्याकाळी अविराज स्वतःहून बाहेर पडला. तात्याबांकडे गेला, पाहुण्यांच्या दोन घरी गेला, आणि जिथे जिथे ती गोष्ट पोचली होती तिथे तिथे त्याने स्वतःचं नाव सांगितलं. मला त्याने खिशातून नेलं होतं. तात्याबा ऐकून म्हणाले, "अरं, मीच तर वहिनींचं नाव घेतलं. तू नुसतं न्हाय म्हणला असतास तरी मी गप बसलो असतो."

अविराज म्हणाला, "तेच तर."

सोमवारी सकाळी रोहिणीने खुंटीवरची चावी काढली. अविराज अंगणात होता, पण ती त्याच्याशी बोलली नाही. तिने सीट उचलली, पट्टी ओढून पुसली, बुडवली, बघितली. नवीन टोपण फिरवून काढलं, त्याच्या मऊ रबरावरून बोट फिरवलं आणि ते घट्ट बसवलं. मग अविराजने आईला उचलून आणलं. हो, आता त्यांना उचलूनच आणायला लागतं. एप्रिलमधल्या त्या सोमवारनंतर ठमाबाई स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत आल्या नाहीत. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, वय आहे, आजार आहे. पण मला माहीत आहे की त्याच्या आदल्या शुक्रवारी त्या चालत आल्या होत्या.

रोहिणी नवऱ्याशी पुन्हा बोलू लागली, पण त्याला पावसाळा उजाडला. आता महिन्यातून एकदा अविराज तिच्यासोबत सीट उचलतो. एक जण ऑइल बघतो, दुसरा टोपण हातात धरून उभा राहतो. ते टोपण परत बसेपर्यंत कुणी फोन घेत नाही.

मी अजून खिडकीत आहे. माझा आता काही उपयोग नाही आणि मला टाकायला कुणाचं मन होत नाही.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना सांगा, गाडीचं ऑइल बघताना टोपणाचं रबरही बघा. कडक झालं असेल, कडेने ऑइल पाझरत असेल, तर 'आणतो' म्हणू नका, त्याच दिवशी बदला. काढलेलं टोपण हातातच ठेवा. एवढं केलंत तर माझ्यासारख्यांचं भलं होईल, आणि गाडीत बसलेल्या माणसाचंही.

आणखी एक मागणं आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चूक तुमच्याही हातून होईल. अविराजच्या हातून झाली, त्यासाठी मी त्याला कधीच दोष दिला नाही. पण तुमच्या चुकीचा आळ दुसऱ्या कुणावर येत असेल, तर त्याच क्षणी बोला. मी वीस दिवस सगळं जाणत होतो आणि मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.